आरपीएमचा आकडा मोबाइलवर आला, पण तो खरा आहे का?

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या बातम्या येऊ लागतात. उसाचा दर किती, एफआरपी कधी मिळणार, कुठल्या कारखान्यानं किती टन गाळप केलं. त्याच कारखान्याच्या एका कोपऱ्यात बगॅस जाळून वाफ तयार होते आणि त्या वाफेवर सहवीज प्रकल्पाचं टर्बाइन फिरत असतं. त्याच्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. ते मिनिटाला हजारो फेऱ्या मारतं. पूर्वी त्याचा वेग फक्त कंट्रोल रूममधल्या मीटरवर दिसायचा. आता तोच आकडा शिफ्ट इनचार्जच्या मोबाइलवर, ॲपवर, कधी कधी दुसऱ्या शहरातल्या ऑफिसच्या डॅशबोर्डवरही दिसतो. यंत्राला सेन्सर लावायचे, आकडे क्लाउडवर पाठवायचे आणि बिघाडाचा अंदाज एआयला करायला सांगायचा, हे आता छोट्या उद्योगांनाही परवडू लागलं आहे.

हा बदल मला चांगलाच वाटतो. फक्त त्यात एक गोष्ट मागे पडते आहे. स्क्रीनवर सुबक गोल मीटर आणि हिरवा रंग दिसला की आकडा खराच असणार असं आपण धरून चालतो. आणि आकडा विचित्र दिसला की लगेच म्हणतो, "सेन्सर गेला." या दोन्ही सवयी महागात पडतात. वेगाचं रीडिंग चुकलं तर त्या चुकीलाही एक आकार असतो. तो नीट वाचला तर बिघाड कुठे आहे हे बऱ्याचदा स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधीच कळतं.

हे तुम्हाला कशाला सांगतोय? कारण तुमच्यापैकी बरेच जण आयटीआय किंवा डिप्लोमा करून अशाच कंट्रोल रूममध्ये बसणार आहात किंवा अशी ॲप बनवणार आहात. आणि फिरणाऱ्या यंत्राचा वेग चुकीचा मोजला गेला तर प्रश्न नुसत्या रिपोर्टचा राहत नाही, यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाचा होतो.

वेग मोजतात तरी कसा?

तुमच्या किंवा मित्राच्या बाइकला एबीएस असेल तर चाकाजवळ बघा. भोकं किंवा दाते असलेली एक रिंग दिसेल आणि तिच्यासमोर अगदी जवळ एक छोटा सेन्सर. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे, त्यामुळे ही रिंग रस्त्यावर सगळीकडे दिसते. टर्बाइनवरही तत्त्व हेच. शाफ्टवर एक दातेरी चाक, त्याच्या समोर सेन्सर. प्रत्येक दाता समोरून गेला की एक पल्स तयार होतो. कंट्रोलर ते पल्स मोजतो.

हिशोब साधा आहे. एका सेकंदातले पल्स गुणिले ६०, भागिले दात्यांची संख्या, म्हणजे आरपीएम. चाकाला ६० दाते असतील तर मजाच होते: सेकंदाला जितके पल्स, तितकेच आरपीएम. १५०० पल्स म्हणजे १५०० आरपीएम. म्हणूनच ६० दात्यांचं चाक खूप ठिकाणी वापरतात.

सेन्सर मुख्यतः तीन जातींचे. पहिला, चुंबकीय पिकअप. चुंबकाभोवती तारेची कॉइल, बाहेरून वीज द्यावी लागत नाही. पण याचा सिग्नल वेगाबरोबर वाढतो, म्हणजे यंत्र अगदी हळू फिरत असेल तर सिग्नल इतका बारीक असतो की कंट्रोलरला तो दिसतच नाही. दुसरा, हॉल इफेक्ट सेन्सर. याला वीज लागते, पण तो अगदी कमी वेगातही काम करतो. तिसरा, एडी करंटवर चालणारा प्रॉक्सिमिटी प्रोब. याचा प्रोब, केबल आणि ड्रायव्हर अशी जोडी ठरलेली असते. केबलची लांबी बदलली तर रीडिंगही बिघडतं.

म्हणजे स्क्रीनवरच्या एका आकड्यामागे किती कड्या आहेत बघा. दातेरी चाक, गॅप, सेन्सर, केबल, तिची शील्ड, टर्मिनल, कंट्रोलरचं इनपुट, सेटिंगमध्ये टाकलेली दात्यांची संख्या, नेटवर्क, सर्व्हर आणि सगळ्यात शेवटी तुमचं ॲप. यातली कुठलीही कडी निसटली तरी शिव्या मात्र सेन्सरला बसतात.

चूक कशी दिसते यावरून काय कळतं?

आकडा बरोबर अर्धा किंवा दुप्पट दिसतोय. यंत्र १५०० वर आहे हे माहीत आहे आणि स्क्रीनवर ७५० आहेत. इतकी नेमकी चूक बिघडलेला सेन्सर सहसा करत नाही. इथे आधी सेटिंग बघायचं. चाकाला दाते ३० आणि कंट्रोलरमध्ये टाकलेत ६०, असं असेल तर आकडा बरोबर अर्धा येणार. नवा कंट्रोलर बसवल्यावर किंवा जुनं सेटिंग नव्या यंत्रावर कॉपी केल्यावर ही चूक हमखास होते.

आकडा थोडासाच कमी आहे, पण ठरावीक प्रमाणात. १५०० च्या जागी १४७५ च्या आसपास. ६० पैकी १ दाता मोजलाच जात नसेल तर सरासरी बरोबर एवढीच कमी येते. म्हणजे एखादा दाता तुटलाय, झिजलाय, किंवा चाक किंचित वाकडं फिरतंय आणि एका बाजूला गॅप जास्त पडतेय. इथे सेन्सर दहा वेळा बदला, आकडा तिथेच राहणार.

यंत्र बंद आहे आणि स्क्रीनवर ५० आरपीएम. भुताटकी वगैरे काही नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पॉवर केबलच्या शेजारून गेलेल्या सिग्नल केबलमध्ये ती शिरली तर ६० दात्यांच्या हिशोबात ती ५० आरपीएम म्हणून दिसते. सेन्सर ठणठणीत असतो, दोष केबलच्या वाटेचा आणि अर्थिंगचा.

आकडा नुसता नाचतोय. १४९०, १५२०, १४७०, परत १५१०. शेकडो किलो वजनाचा रोटर एका क्षणात इतका वर-खाली होऊ शकत नाही. पण लगेच "नॉइज आहे" म्हणून सोडूनही द्यायचं नाही. आधी बघा, शेजारचा पंप किंवा पंखा व्हीएफडीवर सुरू झाला की नाच सुरू होतो का? होत असेल तर विद्युत नॉइज. शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेली असेल तर तिच्यातूनच करंट फिरू लागतो. वेगाच्या सेन्सरची शील्ड सहसा एकाच टोकाला, कंट्रोलरच्या बाजूला, अर्थ करतात. सिग्नल केबल पॉवर केबलला समांतर नेऊ नये, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी. नाच व्हीएफडीशी जुळत नसेल आणि यंत्राच्या कंपनाबरोबर वाढत असेल, तर सेन्सरचा ब्रॅकेट सैल आहे का ते तपासा.

हळू असताना शून्य, वेग वाढला की एकदम बरोबर. सेन्सर चुंबकीय पिकअप असेल तर हा त्याचा स्वभाव आहे. पण पूर्वी २०० आरपीएमपासून दिसायचं आणि आता ६०० पर्यंत शून्यच, असं असेल तर गॅप वाढली आहे, टोकावर लोखंडाचा कीस बसलाय किंवा सिग्नल अशक्त झालाय.

हळू असताना बरोबर, वेग वाढला की गडबड. इथे शंका इनपुटवर घ्यायची. टर्बाइन ८००० आरपीएमवर आणि दाते ६० म्हणजे सेकंदाला ८००० पल्स. पीएलसीचं साधं डिजिटल इनपुट एवढं मोजू शकत नाही, त्यासाठी वेगळं हाय स्पीड काउंटर इनपुट लागतं. हे समजायला मोबाइल पुरे. तीन पात्यांचा टेबल फॅन बंद होत असताना व्हिडिओ काढा. पंखा मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आला की सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत तो प्रत्येक फ्रेमला बरोबर एक तृतीयांश फेरी मारतो. एका पात्याच्या जागी दुसरं पातं येतं आणि पंखा थांबलेला दिसतो. पंखा फिरतच असतो, कमी पडतो तो आपला कॅमेरा. हळू चालणारं इनपुटही असंच फसतं.

आणि शेवटचा प्रकार, सगळ्यात गोडबोल्या. आकडा अजिबात हलत नाही. १५००, १५००, १५००. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय झकास चाललंय. खऱ्या यंत्राच्या आकड्यात थोडी तरी हालचाल असतेच. आकडा दगडासारखा स्थिर असेल तर बहुतेक वेळा नेटवर्क तुटलेलं असतं आणि ॲप शेवटचा मिळालेला आकडाच दाखवत बसतं.

हा प्रकार मुद्दामही घडवता येतो. २०१० मध्ये उघड झालेला स्टक्सनेट हा व्हायरस इराणमधल्या नतान्झच्या अणुप्रकल्पासाठी बनवला होता असं मानलं जातं. तो सेंट्रीफ्यूज फिरवणाऱ्या मोटर्सची फ्रिक्वेन्सी गुपचूप बदलायचा, १४१० हर्ट्झपर्यंत वर न्यायचा, मग २ हर्ट्झपर्यंत खाली आणायचा. आणि ऑपरेटरच्या पडद्यावर सगळं नेहमीसारखंच दिसेल अशी सोय त्यात केलेली होती. आपल्या कारखान्यात कुणी असा हल्ला करेल असं माझं म्हणणं नाही. पडदा शांत आहे म्हणून यंत्रही शांत असेलच असं नाही, एवढं यातून घ्यायचं.

दुसऱ्या वाटेनं पडताळा

एका आकड्यावर संशय आला तर त्याच सेन्सरचा तोच आकडा दुसऱ्या स्क्रीनवर बघून उपयोग नाही. कंट्रोल रूमचा मीटर, ॲप आणि डॅशबोर्ड हे तिघे एकाच उगमाचं पाणी पितात. साक्षीदार वेगळा हवा.

सगळ्यात सोपा साक्षीदार म्हणजे हातातला ऑप्टिकल टॅकोमीटर. शाफ्टवर आधीच रिफ्लेक्टिव्ह टेप लावलेली असेल तर सुरक्षित अंतरावरून वेग कळतो. दुसरा साक्षीदार फुकट मिळतो आणि तरी लोक विसरतात: ग्रिड. चार पोलचा जनरेटर ग्रिडला सिंक्रोनाइझ झालेला असेल तर त्याचा वेग ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. ५० हर्ट्झ म्हणजे १५०० आरपीएम. ४९.९५ हर्ट्झ असेल तर १४९८.५. अशा वेळी स्क्रीन १४४० म्हणत असेल तर आकडा खोटा आहे, चर्चा संपली. मधे गिअरबॉक्स असेल तर त्याच्या रेशोनं गुणून टर्बाइनचा वेगही काढता येतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. चार पोलची साधी इंडक्शन मोटर पूर्ण लोडवर १४४० च्या आसपास फिरत असेल तर ते अगदी नॉर्मल आहे, त्याला स्लिप म्हणतात. म्हणजे १४४० हा एकच आकडा एका यंत्रावर खोटा आणि दुसऱ्यावर खरा. यंत्र कुठलं आहे हे माहीत नसताना नुसता आकडा बघून कुणालाच काही सांगता येत नाही, एआयलाही नाही.

मोबाइलनं वेग मोजता येतो का, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपवरून अंदाज येतो, स्लो मोशन व्हिडिओतूनही येतो. शिकायला उत्तम. पण तो अंदाजच, त्यावर टर्बाइन चालू ठेवायचं की बंद करायचं हे ठरवायचं नाही. आणि व्हिडिओसाठी फिरत्या शाफ्टजवळ हात न्यायचा नाही, कधीच नाही. गॅप तपासणं, सेन्सर काढणं, ब्रॅकेट आवळणं ही कामं यंत्र पूर्ण थांबवून, वाफ आणि वीज बंद करून, लॉक आणि टॅग लावूनच करायची.

तीन सेन्सर का लावतात?

मोठ्या टर्बाइनला वेगासाठी एकच सेन्सर ठेवत नाहीत. यंत्रांच्या संरक्षणासाठीचं एपीआय ६७० हे मानक अतिवेग ओळखायला तीन स्वतंत्र सेन्सर आणि तिघांपैकी दोघांचं मत अशी रचना सांगतं. एक सेन्सर बिघडून "वेग वाढला" म्हणाला तर यंत्र उगाच बंद पडत नाही. एक बिघडून गप्प बसला तरी उरलेले दोघे यंत्र थांबवतात. घरातल्या भांडणात जसं तिसऱ्या माणसाला विचारतात, तसंच.

पण तिघंही एकाच कारणानं आजारी पडले तर? एअर फ्रान्सचं ४४७ हे विमान १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाताना अटलांटिकमध्ये कोसळलं. २२८ जण गेले. तिथे प्रश्न विमानाच्या हवेतल्या वेगाचा होता आणि यंत्रणा टर्बाइनहून अगदी वेगळी होती. पण धडा आपल्या कामाचा आहे. वेग मोजणाऱ्या पिटॉट नळ्यांमध्ये बर्फाचे कण साचले, वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात आणि ऑटोपायलट सुटला. पुढे विमान सावरणं वैमानिकांना जमलं नाही. नळ्या तीन होत्या, पण बर्फ तिघींसाठी सारखाच होता. टर्बाइनवरचे तीन सेन्सर एकाच ब्रॅकेटवर, एकाच पॉवर सप्लायवर आणि एकाच केबल ट्रेमधून नेले असतील तर ते कागदावर तीन आणि प्रत्यक्षात एकच.

जंपर मारायचा का?

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. हंगाम भरात आहे, गव्हाणीसमोर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागली आहे आणि टर्बाइन दिवसात तिसऱ्यांदा "ओव्हरस्पीड" म्हणून ट्रिप झालं. प्रत्येक ट्रिपला गाळप थांबतं, ऊस वाळतो, फोन वाजतात. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "सेन्सरच खोटं बोलतोय, जंपर मारून टाक." दोन टर्मिनलमध्ये वायरचा एक तुकडा, आणि ट्रिप येणं बंद.

यात काय पणाला लागतं ते समजून घ्या. जनरेटर ग्रिडला जोडलेला असतो तोवर लोड टर्बाइनला धरून ठेवतो. ब्रेकर अचानक उघडला की लोड एका क्षणात जातो, वाफ मात्र येतच असते. वाफ बंद झाली नाही तर काही सेकंदांतच वेग धोक्याच्या पातळीवर जातो. म्हणून सहसा ११० टक्क्यांच्या आसपास ट्रिप ठेवतात, १५०० च्या यंत्राला १६५० च्या जवळपास. रोटरवरचा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग १० टक्के वाढला तर ताण २१ टक्के वाढतो.

९ नोव्हेंबर १९९१ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेलम अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये हेच झालं. संरक्षण यंत्रणेची चाचणी चालू असताना वाफ बंद करायला मदत करणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकून बसले आणि १८०० आरपीएमचं टर्बाइन सुमारे २९०० पर्यंत गेलं. पाती तुटून जाड पोलादी आवरण फोडून बाहेर आली, हायड्रोजननं पेट घेतला. सुदैवानं माणसं वाचली. तिथे सेन्सर खोटा नव्हता, पुढची कडी अडकली होती. जंपर मारणारा माणूस तीच कडी स्वतःच्या हातानं तोडत असतो.

माझं मत सरळ आहे. खोटी ट्रिप हाही एक बिघाड आहे आणि तो शोधूनच काढायचा असतो. तीनपैकी एक सेन्सर दुरुस्तीसाठी बाजूला काढायचा असेल तर ते लेखी परवानगीनं, ठरलेल्या वेळेपुरतं, सगळ्यांना माहीत असेल असं करायचं आणि उरलेले दोन जागेवर ठेवायचे. रात्रपाळीत कुणाला न सांगता लावलेला वायरचा तुकडा सकाळच्या पाळीला दिसत नाही. ॲपवर तर तो दिसण्याचा प्रश्नच नाही. तिथे सगळं हिरवंच असतं.

आणि हे काम बहुतेक वेळा कुणाला सांगितलं जातं? सगळ्यात नव्या, कंत्राटी पोराला. त्याला हे माहीत हवं: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेत, सुरक्षेची सोय अपुरी वाटली तर मालकाकडे तसं मांडण्याचा अधिकार कामगाराला दिलेला आहे. "साहेब, लेखी द्या, मग करतो," एवढं म्हणणंही पुष्कळ काम करतं.

ॲपवाल्यांकडून काय मागायचं?

तुम्ही असं ॲप बनवणार असाल किंवा तुमच्या कारखान्यात ते येणार असेल, तर चार गोष्टी मागा. आकड्याशेजारी तो नेमका किती वाजताचा आहे ते दिसू दे, आणि जुना झाला की रंग बदलू दे. तिन्ही सेन्सरचे आकडे वेगवेगळे दिसू देत, नुसती सरासरी नको, कारण सरासरीत आजारी सेन्सर लपतो. ट्रिप बायपास केलेली असेल तर ते पहिल्या स्क्रीनवर, मोठ्या अक्षरात दिसलं पाहिजे. आणि दात्यांची संख्या, गिअर रेशो यांसारखी सेटिंग कुणी, कधी बदलली याची नोंद राहिली पाहिजे.

एआयच्या बाबतीतही हेच. त्याला तुम्ही जो इतिहास द्याल त्यावर तो शिकणार. त्या इतिहासात सहा महिने यंत्र बंद असतानाही ५० आरपीएम दिसत असेल, तर तो ५० आरपीएमला "बंद यंत्राची नॉर्मल अवस्था" समजेल. मग बंद समजलेलं यंत्र खरोखरच हळूहळू फिरत असेल तेव्हा तो कुणाला सावध करणार?

तोवर एक सवय लावून घ्या. आकडा विचित्र दिसला की तारीख, वेळ, त्या क्षणी शेजारी काय चालू झालं आणि चूक कुठल्या प्रकारची होती, हे वहीत किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा. पाचसहा नोंदी झाल्या की बिघाडाची जागा बहुतेक वेळा कागदावरच दिसते, आणि पाना मग एकाच ठिकाणी लावावा लागतो.